गावच्या साइटला सर्च बसवताना

दुसऱ्यांच्या वेबसाइटवर वस्तू सापडत नाहीत, म्हणून मला पगार मिळतो. ऑफिस अंधेरीला. कोणी बाई ‘लाल पैठणी’ लिहून शोधते आणि तिला टॉवेल दिसतात. मग त्या दुकानाचा मालक फोन करून आमच्या मॅनेजरवर ओरडतो, आणि मॅनेजर माझ्याकडे बघतो. मग मी सर्च सर्व्हर बसवते. इतकी वर्षं हेच करतेय की झोपेतसुद्धा करीन. आई गेल्यावर काही महिने मी ते झोपेतच करत होते म्हणा ना.

आई गेली आणि मला रडू आलं नाही. आधी वाटलं, धावपळ आहे, नंतर येईल. नंतरही आलं नाही. नातेवाईक बायका खांद्यावर हात ठेवून म्हणायच्या, “मोकळी हो गं, मोकळी हो.” मोकळी काय होणार, कप्पाळ! आत काही असलं तर बाहेर येईल ना. तेराव्यानंतर मी ऑफिसला गेले. मॅनेजर ‘टेक केअर’ म्हणाला आणि औषधांच्या एका साइटचं काम माझ्या पुढ्यात टाकलं. मी केलं. चहात साखर आहे की नाही, हे पिऊन झाल्यावरही सांगता यायचं नाही. एकदा गरम तव्याला बोट लागलं, तर ते चटकन मागे घेण्याऐवजी मी जरा वेळ त्याच्याकडे बघत राहिले. मला त्या वेळी भीती वाटायला हवी होती, पण तीही वाटली नाही.

घर दिंडोशीला, कॉलनीतलं, दोन खोल्यांचं. आता घरात बाबा आणि मी. मी लग्न केलं नाही. त्याची चर्चा करून करून अख्खं गाव थकलं आणि आता कोणी काही बोलत नाही. बाबा मूळचे मालवणकडचे. गिरणीत होते, गिरणी बंद पडली तशी वॉचमनकी केली, लिफ्टवर बसले, मिळेल ते केलं. बोलणं अजून गावचंच. त्यांचा डावा कान पूर्ण गेलाय. उजवाही हळूहळू जाणार, असं डॉक्टरांनी आई असतानाच सांगितलं होतं. कानातलं मशीन आणून दिलं, ते त्यांनी डबीत घालून कपाटात ठेवलं. त्यात म्हणे सगळ्या माणसांचा आवाज पत्र्याचा येतो.

एका रविवारी मी पोहे करून त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी चमचा हातात घेतला आणि तसाच धरून बसले.

“तुझी आवस गायलली, ता खंय असा गो?” ते म्हणाले.

मला काही कळेना. आई काय गायली, कधी गायली? मग त्यांनी सांगितलं. मागे एका गणपतीत गावाला कोणी मुलगी मोबाइल घेऊन फिरत होती. बायकांच्या फुगडीची गाणी तिने भरून घेतली होती. आईचंही घेतलं. मुंबईला परत आल्यावर आई बाबांना म्हणाली होती की माझं गाणं मंडळाच्या साइटवर चढवलंय. बाबा ‘बरां’ म्हणाले आणि त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

“तेव्हा आयकूक नाय,” ते म्हणाले. “ह्यो कान असा तवसर एकदा आयकतंय. मगे काय, फोटोक हार घालूचो.”

आमच्या घरात आईचा आवाज कुठेच नव्हता. मोबाइल समोर धरला की ती पदराने तोंड झाकायची आणि हाताने ‘जा, जा’ करायची. लग्नाकार्यांच्या व्हिडिओत ती आहे, पण तिथे बँडशिवाय काही ऐकू येत नाही. मी म्हटलं, “शोधते.” त्यांनी तेवढ्यावर पोहे खाल्ले.

आता हे मंडळ. आमच्या गावाचं मुंबई मंडळ आहे; कोकणातल्या सगळ्याच गावांचं असतं. बोरिवलीला एका शाळेच्या वर्गात बैठक भरते. आधी चहा, मग बिस्किटं, मग भांडण. साइट सरचिटणिसांच्या भाच्याने करून दिली होती. लॉगिन केलं की कोणालाही मजकूर, फोटो, आवाज चढवता यावा, अशी सोय केली आणि तो कॅनडाला निघून गेला. लॉगिन सगळ्यांना मिळून एकच, आणि पासवर्ड गावच्या देवीचा, म्हणजे शेंबड्या पोरालाही ठाऊक. मग काय, ज्याला जे सापडलं ते त्याने चढवलं. मथळ्याच्या जागी काय लिहायचं हे कोणालाच कळलं नव्हतं. पहिल्याने ‘गणपती कार्यक्रम’ लिहिलं, म्हणून पुढच्या सगळ्यांनीही तेच लिहिलं. क्रिकेटच्या सामन्याचं नाव गणपती कार्यक्रम. रक्तदान शिबिराचंही गणपती कार्यक्रम. कोणाच्या तरी म्हशीचा फोटो आहे, तोही गणपती कार्यक्रमच. वर शोधायचा चौकोन होता, पण त्यात काहीही लिहिलं तरी एक तर सगळं यायचं, नाहीतर काहीच नाही.

ही साइट दुरुस्त कर म्हणून सरचिटणीस काकांनी मला पूर्वी विचारलं होतं. मी ‘बघू’ म्हणाले होते. बघू म्हणजे नाही, हे मुंबईत सगळ्यांना कळतं. त्या रविवारी मी स्वतःहून फोन केला तर ते हरखलेच.

“अगो, देवासारखी धावलीस! गाणी-बिणी सगळा असा त्यात. तू फक्त सर्च बसव, काय हवा ता मेळात.”

गाणी कोणी भरली हे तेव्हाच विचारायला हवं होतं. मला सुचलंच नाही. माझं डोकं तेव्हा फक्त हातातल्या कामापुरतं चालायचं. सर्व्हर बसव म्हटलं की सर्व्हर बसवायचा, त्याच्या आजूबाजूला काही दिसायचं नाही.

सर्च सर्व्हर म्हणजे फार मोठं काही नसतं. पुस्तकाच्या शेवटी शब्दांची सूची असते ना, कुठला शब्द कुठल्या पानावर, तशी सूची तो अख्ख्या साइटची करून ठेवतो. कोणी काही विचारलं की साइट चाळत न बसता सूचीत बघतो. मी भाड्याने एक लहानसं मशीन घेतलं, दूर कुठेतरी असलेलं. त्यावर तो बसवला आणि साइटला जोडला. मशीन इतकं लहान की पहिल्यांदा सूची करताना मेमरी संपून ते आडवं पडलं. मग मी त्याला लहान लहान घास भरवले. दुसऱ्यांदा सूची पूर्ण झाली, पण कुठलंही आडनाव शोधलं की सगळीच पानं यायला लागली, कारण प्रत्येक पानाच्या तळाशी असलेल्या ओळी, पदाधिकाऱ्यांची नावं, सर्व हक्क राखीव वगैरे, हे सगळं त्याने सूचीत घेतलं होतं. अख्ख्या गावात सरचिटणीसच भरून राहिले. मी ते काढलं. एरवी मी यावर ऑफिसात चार लोकांना सांगून हसले असते.

बाबा खुर्ची ओढून माझ्या उजव्या हाताला बसायचे आणि उजवा कान लॅपटॉपकडे करायचे. लॅपटॉप काही बोलत नव्हता. पडद्यावर नुसत्या ओळी सरकत होत्या. तरी ते कान देऊन बसायचे, आणि मध्येच विचारायचे, “इला काय गो?”

“अजून नाही, बाबा.”

“बरां, बरां. घाय नाय.”

घाई होती. आधी दारातून हाक मारली तरी ते वळायचे, आता खांद्याला हात लावावा लागत होता.

एका संध्याकाळी सगळं नीट चालायला लागलं. ‘क्रिकेट’ लिहिलं की क्रिकेट यायचं. ‘म्हैस’ लिहिलं तर म्हैस आली नाही, कारण तिच्याबद्दल कोणी काही लिहिलंच नव्हतं. पण तो काही माझ्या सर्व्हरचा दोष नाही. मग मी आईचं नाव लिहिलं. पूर्ण नाव, बाबांचं नाव मध्ये, आडनाव शेवटी. बटण दाबलं.

शून्य.

नुसतं नाव लिहिलं, शून्य. ऱ्हस्व-दीर्घ बदलून पाहिलं, आडनाव आधी घेतलं, आमच्या वाडीचं नाव जोडलं. वाडीच्या नावाने पुरुषच पुरुष आले, नारळ फोडताना, ट्रॉफी घेताना, माइकसमोर. ‘फुगडी’ लिहिलं तर गाण्यांची ही मोठी रांग आली. फोटो नाहीत, नुसते आवाज. प्रत्येकाखाली बाईचं नाव आणि गाव. नावं अनोळखी, गावंही दुसरीच. मला वाटलं, आजूबाजूच्या गावांतली गाणी आहेत, आपल्या साइटवर उगाच चढवलीत. मी त्यातलं एकही उघडलं नाही. दुसऱ्यांच्या आया ऐकायची माझी इच्छा नव्हती. आणि खरं सांगायचं तर मला धास्ती होती, की चुकून त्यात आईचा आवाज निघेल आणि मला तो ओळखूच येणार नाही. जिला रडू येत नाही, तिचा काय भरवसा?

“नाय?” बाबांनी विचारलं.

“नाही सापडलं.”

ते उठले, दोरीवरचे कपडे काढून आणले आणि घड्या घालत बसले. माझी ओढणी आईच्या साडीसारखी घडी करून त्यांनी उशीखाली सारली, मग परत काढून माझ्या कपड्यांवर ठेवली. हे पाहूनही मला काही झालं नाही. मी लॅपटॉप बंद केला आणि भात लावला.

पण सर्च चालू झाला होता, तर काकांनी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तशी दवंडी पिटली. पुढचे काही दिवस लोक साइटवर येऊन काहीबाही शोधत होते. आमच्या धंद्यात एक रीत आहे. नवीन सर्च बसवला की लोकांनी काय शोधलं त्यापेक्षा लोकांना काय सापडलं नाही, ते आधी बघायचं. दुकानाच्या साइटवर तिथेच कळतं की गिऱ्हाईक काय मागतंय आणि आपल्याकडे काय नाही. तसं मी ऑफिसात दुपारी डबा खाताना ते पान उघडलं.

सगळी बायकांची नावं होती.

एखाददुसरं नाही, वरपासून खालपर्यंत. नाव आणि आडनाव. नाव आणि वाडी. कोणी नावापुढे ‘आई’ जोडलं होतं, जणू तेवढ्याने सर्व्हरला कळेल. एकाने एकच नाव तीनदा शोधलं होतं. आधी नुसतं नाव. मग मागे ‘सौ.’ लावून. मग ‘कै.’ लावून. तिन्ही वेळा शून्य. माझा घास हातातच राहिला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला काहीतरी झालं. राग आला. कोणाचा ते कळत नव्हतं, पण चांगला सणसणीत आला. मी जिन्यात जाऊन काकांना फोन लावला.

“काका, साइटवर आपल्या गावातल्या एकाही बाईचं नाव का नाही?”

“असा कसा? डिरेक्टरी असा ना गावची. घरटी माहिती असा.”

“त्यात आमच्या घराच्या पुढे काय लिहिलंय माहितीय? बाबांचं नाव, आणि ‘व कुटुंब’. आई कुठेय?”

“अगो, कुटुंब म्हणजे तीच!” काका हसले. मग माझ्या बाजूने हसू ऐकू येईना, तसे जरा नरमले. “पद्धतच ती, बाय. सगळ्यांचाच तसा असा. आणि फुगडीची गाणी म्हणशील तर ता आमच्या सूनबाईचा काम. मुलुंडाक रवतत ती. तिका विचार.”

ही गोष्ट त्यांनी पहिल्या दिवशी सांगितली असती तर! पण मी तरी कुठे विचारलं होतं.

शनिवारी मुलुंडला गेले. काकांची सून शाळेत शिकवते. माझ्यापेक्षा बरीच लहान, चटपटीत. टेबलावर पेपरांचा गठ्ठा होता, तो खाली ठेवून तिने चहा दिला आणि मी आईचं सांगितल्यावर तिचा चेहरा उतरला.

“ताई, आईंचं गाणं असणार. मी तुमच्या वाडीत घरोघर फिरलेय. एक घर सोडलं नाही.”

“मग नाव का येत नाही?”

“तुम्ही कुठलं नाव शोधलंत?” तिने विचारलं. “मी गाणं घ्यायच्या आधी प्रत्येकीला नाव विचारायचे. तर त्या मलाच उलट विचारायच्या, खयचा सांगू? म्हायेरचा की हयचा? आमच्याकडे लग्नात नाव बदलतात ना. मी म्हणायचे, तुम्हाला आवडेल ते सांगा.”

“मग?”

“एकीनेही सासरचं सांगितलं नाही, ताई. एकीनेही नाही. गावसुद्धा माहेरचंच सांगायच्या. मला इतकी मजा वाटली की मी तसंच लिहीत गेले.”

“आणि सासरचं नाव? ते कुठे लिहिलंस?”

“ते राहिलंच.” तिने जीभ चावली. “मला वाटलं, घरच्यांना काय, माहीत असणारच.”

“झालं! वाट लागली,” मी म्हणाले. तिच्यावर ओरडणार होते, पण ओरडू काय? एवढ्या सगळ्या बायकांना आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी आवडेल ते विचारलं होतं. आणि ही सांगत होती ती तर साधी गोष्ट होती. घरच्यांना माहीत असणार.

“तुमच्या आईंचं माहेरचं नाव काय?” तिने विचारलं आणि आपला लॅपटॉप पुढे ओढला.

मला माहीत नव्हतं.

मामा तिला ‘बाय’ म्हणायचे. मावशी ‘आक्का’. आजोळी गेलं तरी तिला नावाने कोणी हाक मारत नव्हतं. रेशनकार्ड, आधारकार्ड, बँक, हॉस्पिटलचे कागद, सगळीकडे सासरचं. तिच्या मृत्यूचा दाखलासुद्धा मीच काढला, त्यातही तिचं माहेरचं नाव कोणी विचारलं नाही. मामा गेले, मावशी गेली. माझं स्वतःचं नाव कोणी बदललं नाही, मी आहे तीच आहे, आणि ज्या बाईने माझं हे नाव ठेवलं तिचं नाव मला ठाऊक नाही. मला लाज वाटली. भयंकर लाज वाटली. हेही बऱ्याच दिवसांनी वाटत होतं, म्हणून मी तिथेच खुर्चीत बसून नीट वाटून घेतली.

सूनबाईने बसल्या जागी ग्रुपवर लिहिलं, सर्वांनी आपापल्या आईचं माहेरचं नाव कळवावं. सर्च सर्व्हरला दोन नावं एकाच बाईची आहेत असं सांगून ठेवता येतं. मग कुठलंही लिहिलं तरी ती सापडते. एवढंच करायचं होतं. चहा संपेपर्यंत एकच उत्तर आलं: ‘विचारून सांगतो.’ लिहिणाऱ्याची आई जाऊन बरीच वर्षं झालीत. मी तिच्या हातचं पिठलं खाल्लंय. तो कोणाला विचारणार होता देव जाणे.

रिक्षाने घरी येताना माझ्या डोक्यात एकच होतं, की बाबांनाही ठाऊक नसलं तर? विसरले असले तर? मग त्या रांगेतली एकेक बाई लावून बाबांच्या कानाशी धरायची आणि विचारत बसायचं, ही का, ही का? गाताना आईचा आवाज कसा लागतो हे त्यांनाही माहीत नव्हतं. त्यांनी ते कधी ऐकलंच नव्हतं.

बाबा लसूण सोलत बसले होते. मी त्यांच्या उजव्या बाजूला बसले, कानाजवळ गेले आणि विचारलं, “बाबा, आईचं माहेरचं नाव काय होतं?”

त्यांचे हात थांबले.

“कित्याक?”

मी सांगितलं. सगळ्या बायकांनी काय केलं तेही सांगितलं. त्यांना एकदा ऐकू गेलं नाही, मग पुन्हा सांगितलं. ते लसणीच्या सालींकडे बघत राहिले.

“माझ्या आवशीन ठरवलेला हयचा नाव,” ते म्हणाले. “ताटात तांदूळ होते, आंगठी दिली हातात, लिव म्हणून सांगितल्यानी, मी लिवलंय. माका कोण विचारता? आणि तिका तरी कोणी विचारल्यान?” मग म्हणाले, “आणि लिवन झाल्यार मी काय त्या नावान हाक मारलंय? घरात सगळी मोठी माणसा. अगो म्हणायचंय. तीच सवय लागली.”

“पण आधीचं नाव? आठवतंय का?”

“इसारतलंय कसो?” ते म्हणाले आणि त्यांनी ते सांगितलं. लगेच, न अडखळता. साधं, दोन अक्षरी नाव. मी ते इथे लिहीत नाही. तेवढं आमच्याकडे राहू दे.

मी लॅपटॉप उघडला, ते दोन अक्षरी नाव लिहिलं, पुढे तिच्या माहेरच्या गावाचं नाव लिहिलं. बटण दाबलं. एकच गाणं आलं. आवाज पूर्ण मोठा केला आणि लॅपटॉप उचलून बाबांच्या उजव्या कानाशी धरला.

आधी भांड्यांचा आवाज, कोंबडी, कोणीतरी हसतंय. मग सूनबाईचा आवाज, काकी, नाव सांगा. आणि मग आई.

“खयचा? हयचा?” आई म्हणाली. “हयचा रेशनकार्डार असा. त्या नावान माका हाक कोण मारता? ह्येंका ‘अगो’ पुरता. तू माजा असा ताच लिव.”

बायका फिदीफिदी हसल्या. आईने नाव सांगितलं. मग टाळ्या, पावलांचा धप धप आवाज, आणि ती गायला लागली. तिला दम लागत होता. बाकीच्या मागून ओढत होत्या, ती पुढे पळत होती. मी ओळखला आवाज. त्याची मला धास्ती होती ना, पण पहिल्या ‘खयचा’लाच ओळखला.

गाणं संपलं. बाबा हलले नाहीत.

“आवडलं?” मी ओरडून विचारलं. काय मूर्ख प्रश्न!

“परत लाव,” ते म्हणाले. “गाणा नको. आधी बोलता तेवढाच.”

मी लावलं. पुन्हा लावलं. ‘ह्येंका अगो पुरता’ आलं की ते मान हलवायचे, कोणी हिशेबाची गोष्ट बरोबर सांगितल्यासारखी. शेवटी त्यांनी लॅपटॉप हाताने बाजूला केला.

“खरा असा ता,” ते म्हणाले. “पुरला माका. तिका पुरता की नाय, ह्या कधी इचारूक नाय.”

मी उठले आणि सोललेली लसूण घेऊन स्वयंपाकघरात गेले. आमटी टाकायची होती. तेल तापत ठेवलं, डब्यातून मोहरी काढली. डोळे कोरडेच होते, पण छातीत काहीतरी दुखत होतं, दात दुखावा तसं, आणि मला ते दुखणं बरं वाटत होतं.

तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून हाक आली. बाबांनी आईला हाक मारली, त्या दोन अक्षरी नावाने. ज्याला ऐकू येत नाही त्याला आपला आवाज किती मोठा आहे हे कळत नाही. शेजाऱ्यांनासुद्धा ऐकू गेली असणार. मी जिथे होते तिथेच उभी राहिले. तेल धुरायला लागलं, मी गॅस बंद केला. त्यांनी पुन्हा हाक मारली.

मी ओ दिली.